घरच्या रायफलीचं काडतूस

माझ्या नवऱ्याला दोन गोष्टींत कुणी शहाणपण शिकवलेलं चालत नाही. एक सोयाबीनची पेरणी आणि दुसरी त्यांची रायफल. सोयाबीनचं मी केव्हाच सोडून दिलं. रायफलीवरून मात्र आमची जुंपली, आणि तीही नांदेडात, खाजाभाईंच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर.

खाजाभाई बंदुका दुरुस्त करणारे परवानेवाले कारागीर. आमचे हे, शेषेराव, उडालेल्या काडतुसाचं पितळी टरफल जपून ठेवतात, हातप्रेसमध्ये दाबून मापात आणतात आणि पुन्हा भरतात. रीतसर परवाना काढून. ज्या पोलादी साच्यातून टरफल दाबायचं त्याला डाय म्हणतात. त्यांची जुनी डाय झिजली होती, म्हणून आम्ही गेलो होतो.

खाजाभाईंनी चहा सांगितला आणि गल्ल्यावर दोन डाय ठेवल्या.

"भाभी, तुम्ही बी बघा. गोळी सुटली की टरफल फुगतं अन् त्या रायफलीच्या आतल्या मापाचं होऊन जातं. ही डाय नुसती तोंडाकडची मान दाबती, अंग तसंच ऱ्हातं. मंग त्याच रायफलीत ते झकास बसतं. ही दुसरी अख्खं अंग दाबती. मंग कुणाच्या बी रायफलीत चालतं."

"दुसरी द्या," मी म्हणाले.

"मानेचीच द्या," हे म्हणाले.

माझा भडका उडायला एवढं पुरे होतं. आमची आरती पुढच्या महिन्यात पुण्याला नेमबाजीच्या शिबिराला चालली होती. अख्खं लातूर पोरांना डॉक्टर करायच्या मागे लागलं होतं. आम्हीही तिच्या क्लाससाठी तिथं खोली केली होती. पण ही पोर रविवार उजाडला की बापाबरोबर रेंजवर. तिथं तिचा निशाणा कुणाच्या तरी नजरेत भरला. पुण्याच्या क्लबाची तशीच रायफल मिळणार होती, काडतुसं आपली न्यायची होती. घरच्या रायफलीचा परवाना ह्यांच्या नावाचा, ती पोरीसोबत धाडता येत नव्हती. म्हणजे मानेच्या डायवर केलेली काडतुसं त्या रायफलीत बसण्याचा भरवसा नाही आणि नाही बसली तर पोर आल्या पावली परत.

हे सगळं ह्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. म्हणूनच तर मानेची डाय हवी होती!

"कामून असं करून राहिले तुम्ही?" मी सगळ्यांदेखत विचारलं. "पोरगी परत यावी म्हणून?"

"दुसऱ्याच्या रायफलीचा काय भरवसा?" एवढंच बोलले आणि मानेची डाय पिशवीत टाकली.

खाजाभाईंनी दुसरी डाय मागं सारली. त्यांना आमची गोष्ट माहीत होती. भूकंपात निलंग्याकडचं आमचं माळवदाचं घर बसलं तेव्हा आरती चार वर्षांची होती. माझे दीर गेले, जाऊ गेली. आरती निजली होती तिथं शेजारी रायफलीची सागवानी पेटी होती. तुळई त्या पेटीवर अडकली आणि खाली पोरीपुरती जागा उरली. ह्यांनी हातानं माती उकरून तिला बाहेर काढलं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच बसलंय, पोर त्या रायफलीजवळ असली की तिला काही होत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातला माणूस. मला राग येतो, पण त्या दिवशीची त्यांची बोटं मी पाहिली आहेत, म्हणून फार वेळ टिकत नाही.

लातूरला परत येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. ह्यांनी अहमदपूरला भजी घेतली, पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मी खाल्ली नाहीत. पुडा मात्र फेकलाही नाही.

आरतीला काय सांगावं कळेना. ती आपली रोज भिंतीवरच्या ठिपक्यावर नजर रोखून श्वास धरायचा सराव करत होती. बापानं भरलेली काडतुसं म्हणजे तिला देवाचा अंगारा. तिनं तपासून पाहिलीच नसती.

मग एक दिवस हे म्हणाले, "माहूरला जाऊन येतो. रेणुकेला पोरीसाठी नारळ फोडतो." परत आले तर ना प्रसाद, ना कुंकवाची पुडी. माहूरहून कुणी रिकाम्या हातानं येतं का? नवरा खोटं बोलायला एवढा कच्चा असला की बायकोला फार कष्ट पडत नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी काडतुसांचा डबा आरतीपुढं ठेवला. पुण्यापर्यंत तिला पोचवायला तेच जाणार होते. तिनं झाकण उघडलं. एक खाच रिकामी होती.

"बाबा, एक कमी हाय."

"बाकीची अख्ख्या अंगाच्या डायमधून काढली हायेत," हे माझ्याकडं न बघता म्हणाले. "नांदेडहून आणली, दुसरी डाय. खाजाभाईनं त्याच्याकडच्या दुसऱ्या रायफलीत एक-एक बसवून बघितलं. तुला कुणाची बी रायफल मिळू दे, अडायचं न्हाई."

"अन् ते एक?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ते काडतूस काढलं.

"ह्याची नुसती मान दाबली. हे फकस्त आपल्याच रायफलीत जाईल. हे मी घरी ठिवतो." मग म्हणाले, "मी न्हाई उडवायचा. तूच ये उडवायला."

माझ्या डोळ्यांना धार लागली. लपवायचं कशाला?

आरतीनं ते काडतूस बापाच्या हातातून घेतलं, कपाळाला लावलं आणि पुन्हा त्यांच्याच खिशात घालून वरची गुंडी लावली.

"दिवाळीला येते," ती म्हणाली. "तोवर पेटीत ठिवा. मी निजायचे त्या बाजूला."