पाठीमागची शिट्टी

आमच्या डॉक्टरसाहेबांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, दोन खुर्च्यांचं छोटं विमान आहे. मी त्याला सवत म्हणते. आठवडाभर लोकांचे दात काढायचे आणि सुट्टीच्या सकाळी सवतीला घेऊन ढगांत जायचं, असा त्यांचा दुसरा संसार.

भांडण झालं ते तिच्या शेपटीतल्या डब्यावरून. विमान आपटलं की हा डबा आपोआप हाका मारू लागतो. नवे डबे थेट उपग्रहाला हाक देतात. आमचा जुनाट, त्याची हाक उपग्रह आता ऐकतच नाहीत. जवळपास कुणी रेडिओ लावून बसलं असेल तरच ती ऐकू येणार.

"नियमात बसतो अजून," ते म्हणाले.

"तो बसेल हो नियमात. रडत मला बसावं लागेल!"

"उगाच अभद्र बोलू नकोस."

मी पाठ फिरवून झोपले. सकाळी ते निघाले तेव्हा जागी होते, पण वळले नाही.

मग धुकं उतरलं. खिडकीतलं झाड गेलं, रस्ता गेला. फोन लागेना. मी चाचपडत धावपट्टीवर पोचले. तिथल्या मेकॅनिककाकांच्या हातातल्या रेडिओतून शिट्टी येत होती. वरून खाली घसरायची, पुन्हा वरून खाली. झोपेत कुणीतरी झोका देत असावं, तशी मी ऐकत राहिले.

"घाबरू नका वहिनी. तासाची पहिली पाच मिनिटं डबे तपासायला दिलेली असतात. कुणीतरी तपासत असेल."

पाच मिनिटं सरली. शिट्टी थांबली नाही. काकांचा चेहरा उतरला.

मदतकेंद्राला फोन केला. धुक्यात हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. काकांनी मला गाडीत घातलं आणि तळ्याच्या रस्त्याने नेलं; डॉक्टरसाहेब नेहमी त्याच बाजूने उतरायला येत. शिट्टी मोठी झाली तिथे थांबले.

"माझे गुडघे शेतात चालायचे नाहीत. मी इथून हॉर्न वाजवत राहतो, म्हणजे परत येता येईल. रेडिओ छातीशी धरा आणि जागच्या जागी गोल फिरा. तुमच्या अंगाने अडून आवाज जिथे बुडेल, तिथे डॉक्टरसाहेब तुमच्या पाठीमागे असतील."

मी रेडिओ उराशी धरून फिरले. सगळं पांढरं. माझे पाय तेवढे खरे वाटत होते. एका जागी शिट्टी बुडाली. वळून चालले, थांबले, पुन्हा फिरले. देवा, एवढं माणूस परत दे, सवतीचंही सगळं करीन, असं पुटपुटत होते.

अचानक हाताला ओला पंख लागला. त्याच्याखाली ते पाय धरून बसले होते.

"अगं, तू? इथे कशी पोचलीस?"

"तुमच्याकडे पाठ करून," म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.