उंबराचं पाणी

लिओनार्डने हातातल्या गाडीच्या चाव्या गेटच्या पत्र्यावर आपटल्या.

“कळशी आत न्यायची नाय म्हणजे? कळशीत काय बॉम्ब आहे?”

“साहेब, ओरडू नका ना. भांडी अलाउड नाहीत, वाद्यं अलाउड नाहीत. बोर्ड वाचा.” छातीवर ‘महेंद्र’ अशी पट्टी लावलेल्या वॉचमनने अंगठ्याने मागचा बोर्ड दाखवला.

बोर्डावर तळ्याचा फोटो होता. हिरवं पाणी, उभा कडा, कड्याच्या टोकाला काचेचं रेलिंग आणि रेलिंगला टेकलेलं एक हसरं जोडपं. खाली मोठ्या अक्षरात ‘निसर्गाच्या कुशीत’. ते वाचूनच लिओनार्डच्या डोक्यात तिडीक गेली. दगडाची खाण होती ही. सुरुंग लावून लावून डोंगराचा भुगा केला, भला मोठा खड्डा पाडला, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, आणि आता काठावर तिकीटखिडकी टाकून हे लोक निसर्गाची कूस दाखवायला बसले होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणतात, ते आणखी वेगळं काय असतं!

त्याच्या मागे, रस्त्याच्या कडेला, घरची माणसं ताटकळत उभी होती. लाल चौकड्यांची लुगडी नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बायका, आणि पुतण्या ब्रायन त्याच्या बँडवाल्या मित्रांसकट. लिओनार्डच्या मुलीचं, लिओनाचं, उद्या लग्न होतं. आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं, उंबराचं पाणी भरून आणायचं आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची, ही त्यांच्यातली रीत. वर्तकनगरला राहायला आल्यापासून घरातल्या सगळ्या लग्नांचं पाणी चर्चच्या विहिरीवरूनच आलं होतं. लिओनार्डच्या स्वतःच्या लग्नाचंही. पण लिओना जन्मली तेव्हाच त्याने बायकोला, इलेनला, बजावून ठेवलं होतं की हिचं पाणी आपल्या विहिरीचं येणार. आपली विहीर म्हणजे गावची. गाव याच डोंगरावर होतं. खाणवाल्यांनी ते उठवलं तेव्हा लिओनार्ड जेमतेम चार-पाच वर्षांचा होता.

“विहीर तळ्याखाली आहे,” असं तो सगळ्यांना सांगायचा. बारशाला सांगायचा, मयताला सांगायचा, बँकेत रांगेत उभं राहून अनोळखी माणसालाही सांगायचा. “घरं गेली, झाडं गेली. विहीर कोण उचलून नेणार? ती आहे तिथेच आहे. वर पाणी चढलंय, एवढंच.” लिओना हेच ऐकत मोठी झाली होती. शाळेत असताना ती चित्रात तळं काढायची तेव्हा तळाशी एक गोल विहीरही काढायची, आणि बाईंनी विचारलं की चिडायची.

काल रात्री इलेनने कपाळाला हात लावला होता. “अरे, पाहुणे यायचेत, मटणाचं बघायचंय, आणि तू तिथे जाऊन भांडत बसशील. मी काय ओळखत नाही तुला?”

ओळखतच होती.

“डॅडा, आवाज खाली,” लिओना दातांवर दात ठेवून म्हणाली. सगळ्यांची तिकिटं तिच्या फोनवर होती, म्हणून आंघोळीची वाट बघत घरी बसायचं सोडून नवरीच इथे येऊन उभी होती. हातांवरच्या मेंदीला धक्का लागू नये म्हणून तिने फोन दोन बोटांत धरला होता. “दादा, एकदा तुमच्या सरांना विचारा ना. पाच मिनिटांचं काम आहे. खाली पाण्यापर्यंत जायचं, कळशी भरायची, वर यायचं.”

“खालच्या पायऱ्यांना कुलूप आहे, मॅडम. कोणालाच सोडत नाही आम्ही.”

“कोणालाच नको सोडू,” लिओनार्ड पुन्हा उसळला, “आम्हाला सोड! फोन लाव तुझ्या सराला. सांग, विहिरीचा मालक आलाय. आणि हेही सांग, की तिकीट काढून आलाय!”

मागच्या रांगेतल्या एका पोराने मोबाइल वर धरून शूटिंग चालू केलं. लिओनार्ड गर्रकन त्याच्याकडे वळला.

“काढ, काढ, नीट काढ. नाव पण सांगतो, लिहून घे.”

“बस झालं!” लिओनाचा आवाज आता तिलाच आवरेना. “तुला पाणी पाहिजे की भांडण पाहिजे? उद्या लग्न माझं आहे, डॅडा. माझं. आणि आज पण सगळं तुझ्या विहिरीचंच चाललंय. आयुष्यभर तेच ऐकलंय मी. एकदा तरी म्हण ना, जाऊ दे म्हणून!”

बँडवाल्यांपैकी कोणीतरी खोकलं.

या सगळ्यात एक अक्षर बोलली नव्हती ती जॉर्जिना, लिओनार्डची आई. तांब्याची कळशी कमरेवर घेऊन ती गेटच्या खांबाला टेकून उभी होती. कळशी तिने गाडीतही कोणाच्या हातात दिली नव्हती. गाव सोडल्यापासून ती इकडे फिरकली नव्हती. लिओनार्डने कितीदा चल म्हटलं होतं, पण दर वेळी तिचे गुडघे आडवे यायचे. या वेळी मात्र तिने गुडघ्यांचं नाव काढलं नाही. नात सासरी चालली होती.

महेंद्रने म्हातारीकडे पाहिलं, फोन लावला, बाजूला जाऊन बोलला. परत आला तो वैतागूनच.

“सर बघून सांगतो म्हणालेत. तोपर्यंत तिघं जण आत जा, पॉइंटवर थांबा. बँड बाहेर. आणि कळशी वाजवायची नाही.”

“कळशी काय वाजवायची असते?” लिओनार्ड पुटपुटला, पण आत शिरला.

पॉइंट म्हणजे कड्याच्या टोकाशी बांधलेला लाद्यांचा चौथरा. प्लॅस्टिकच्या फुलांची कमान, फोटो काढायला बदामाच्या आकाराचा झोका, आणि पुढे रेलिंग. रेलिंगपलीकडे जमीन एकदम संपत होती. खाली खोल तळं पडलं होतं, उन्हात हिरवंगार. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोला. त्याचाच लिओनार्डला जास्त राग यायचा.

त्याने रेलिंगवरून वाकून हात खाली रोखला. “ती बघ, लिओना. पाणी जिथे काळपट दिसतंय ना, जरा डावीकडे. तिथे. काठाला आपलं उंबराचं झाड होतं, आणि मागे फर्नांडिसांचं घर.”

लिओनाने पाहिलं. रागात असूनही पाहिलं. काळपट भाग तिलाही दिसला.

“आय, बरोबर ना? तिथेच ना?”

जॉर्जिना पाण्याकडे बघतच नव्हती. ती तळ्यापलीकडच्या टेकडीकडे बघत होती. टेकडीच्या माथ्यावर एक काळाभोर कातळ होता. तो बघायला तिला मान मागे टाकावी लागत होती.

“लिओ,” ती म्हणाली, “तो कातळ वर कसा गेला?”

“कातळ कुठे जातोय, आय? तिथेच आहे तो.”

“वर कसा गेला, ते विचारते मी. पाणी शेंदायला उभी रायली का तो माझ्या पायाखाली दिसायचा. खाली. गुरं बसायची त्यावर. आपली गाय कनची ते मी विहिरीवरून बघून सांगायची.”

“लांबून तसं वाटतं, आय.”

“वाटतं नाय. व्हतं.”

तिने कळशी लादीवर ठेवली. लिओनार्डचा हात अजून खालच्या पाण्याकडेच रोखलेला होता. तिने तो कोपराशी धरला आणि वर उचलायला लागली.

“वर. अजून वर. ताठ ठेव ना मेल्या, अजून.”

पाण्यावरून बोट कड्यावर आलं, कड्यावरून समोरच्या टेकडीवर, टेकडीवरून कातळाच्याही वर. तिथे काहीच नव्हतं. तळ्याच्या बरोब्बर वर, आभाळात, एक घार फिरत होती. जॉर्जिनाने हात तिथे थांबवला.

“तिथं व्हती,” ती म्हणाली.

आधी लक्षात आलं ते लिओनाच्या. विहीर म्हणजे जमिनीतलं भोक. अख्खी जमीनच खणून ट्रकात भरून नेली, तर भोक कुठे राहणार? विहीर तळ्यात बुडाली नव्हती. तळं तिच्या कितीतरी खाली होतं. गाव, उंबर, फर्नांडिसांचं घर, सगळं इथे समोर होतं, नुसत्या हवेत. खडी होऊन ते कुठल्या कुठल्या रस्त्यांखाली आणि इमारतींत गेलं होतं, देव जाणे.

लिओनार्डचा हात तसाच वर राहिला होता. आईने सोडला तरी त्याला तो खाली घ्यायचं सुचलं नाही.

“तू मला कधी बोलली नाहीस, आय.”

“मी आले कवा हय? तूच सांगायचास, विहीर खाली हाय, विहीर खाली हाय. मला वाटलं, तू बघून आलास.”

झोक्यावर बसलेली एक मुलगी कोणाला तरी ‘अजून एक, अजून एक’ म्हणत फोटो काढायला लावत होती.

मागून चाव्यांचा आवाज आला. महेंद्र घामाघूम होऊन येत होता.

“चला, झालं तुमचं काम. सर हो म्हणाले. दोघांनीच जायचं, पाच मिनिटांत वर यायचं. चला, उघडतो गेट.”

लिओनार्डने हात खाली घेतला. तो एकदम थकल्यासारखा दिसत होता.

“राहू दे,” तो म्हणाला.

“राहू दे?”

“नको आता. जाऊ दे.”

“अरे, कमाल करता तुम्ही, काका! एवढा तमाशा केलात, मी सरांची बोलणी खाल्ली, आणि आता जाऊ दे?”

“चर्चच्या विहिरीवर जाऊ,” जॉर्जिना म्हणाली. ती गुडघ्यावर हात देऊन कळशी घ्यायला वाकली. “इलेनला फोन कर, पोरी. सांग, तिकडंच येतो. तुझी आंघोळ राहायला नको.”

लिओनाने फोन केला नाही. ती बापाकडे बघत होती. तो रेलिंगकडे पाठ करून उभा होता, खिशात रुमाल शोधत. त्याच्या तोंडून ‘जाऊ दे’ हे दोन शब्द तिने याआधी कधीच ऐकले नव्हते. रुमाल त्याच्या डाव्या खिशात होता आणि तो पुन्हा पुन्हा उजव्याच खिशात हात घालत होता.

“चला मॅडम, मग बाहेर व्हा,” महेंद्र म्हणाला. “पाणी नको तर इथे गर्दी कशाला? मागची लोकं थांबलीत.”

लिओनाने आजीच्या हातातून कळशी ओढून घेतली. ओल्या मेंदीचा डाग कळशीला लागला, तिकडे तिने पाहिलंही नाही.

“आमचा डोंगर कुठे नेलात?”

“काय?”

“डोंगर. हा इथे समोर होता तो. कुठे टाकलात? विचारा तुमच्या सरांना. फोन लावा.”

तिचा आवाज चढला तसा झोका थांबला. दोन-तीन मोबाइल वर झाले. कमानीखालची माणसं मागे वळून बघायला लागली.

“मॅडम, मला काय माहीत? मी सहा महिन्यांपूर्वी लागलोय इथे.”

“म्हणूनच म्हणते, सरांना विचारा. मी थांबते. इथून हलणार नाही मी.”

महेंद्र गोंधळून लिओनार्डकडे वळला. “काका, तुम्ही तरी समजवा हिला. उद्या लग्न आहे ना हिचं?”

लिओनार्डला रुमाल सापडला होता. त्याने तोंड पुसलं, सावकाश, आणि तो घडी करून पुन्हा खिशात ठेवला.

“तिने काय विचारलंय,” तो म्हणाला, “त्याचं उत्तर द्या.”