लाटणं पुढे

"ओढू नकोस! ढकल, ढकल!" रामदास ओरडले.

आम्रपालीनं हातातलं लाटणं पुढे ढकललं. धायरीच्या त्या स्वयंपाकघरात विमान डावीकडे गिरक्या घेत कोसळत होतं. विमान म्हणजे एक खुर्ची आणि पायाखाली दोन पाट.

"इंजिन कमी. उजवा पाय पूर्ण दाब. लाटणं पुढे. गिरकी थांबली? पाय सरळ. आता हळूच वर घे."

"वर घेऊन झालं असेल तर ते इकडे द्या," आम्रपालीची आई सुंदराबाई म्हणाल्या. "पोळ्या व्हायच्यात अजून."

रामदासांनी जन्मभर पीएमटीची बस चालवली. पोरीला आयटीत नोकरी लागली तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि तिनं पगार विमान शिकण्यात घातला तेव्हा अबोला धरला. मग राहवेना म्हणून स्वतःच रोज तिचा सराव घ्यायला लागले. अडचण एकच होती. जमीन अंगावर आली की आम्रपाली घाबरून विमानाचा दांडा मागे ओढायची आणि गिरकी थांबायचीच नाही. दोनदा शिकवणाऱ्या हिंदुराव सरांना विमान हातात घ्यावं लागलं होतं. आजही तसंच झालं, तर एकटीनं उडायचं विसरा.

"मी विहारात जाऊन बसते. मला बघवायचं नाही," सुंदराबाईंनी सांगून टाकलं.

रामदास कायनेटिकवर लेकीच्या मागे बसले. एक पाय नेहमीसारखा खाली लोंबकळत ठेवलेला, वेळ आलीच तर टेकवायला.

"बाबा, पाय वर घ्या ना. लोक हसतात."

"हसू देत. तू पुढे बघ."

फ्लाइंग क्लबच्या मैदानावर रामदास कुंपणाशी उभे राहिले. खूप वर ते पांढरं विमान एका पंखावर कलंडलं आणि गिरक्या घेत खाली यायला लागलं. त्यांची उजवी चप्पल मातीत रुतली. "ढकल गं बाई," ते पुटपुटले. विमानाचं नाक आणखी खाली गेलं आणि गिरकी थांबली. मग विमान अलगद वर आलं. रामदास चारचौघांत टाळ्या पिटायला लागले.

"काका, आज मी नुसता हाताची घडी घालून बसलो होतो," उतरल्यावर हिंदुराव सर हसत म्हणाले. "फुकटचा पगार झाला. सोमवारपासून ही एकटी उडेल."

रामदासांनी मिशीवरून हात फिरवला. आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

परतताना सिंहगड रोडवर एक रिक्षा आडवी आली. आम्रपालीनं करकचून ब्रेक दाबला, गाडी कलंडली. तिनं पाय टेकवून ती सावरली आणि सवयीनं शेजारी बाबांची चप्पल शोधली.

ती तिथं नव्हती. बाबांचे दोन्ही पाय फुटरेस्टवर होते.