शिवणखोलीतला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे आणि समोरचे एक बटण आत गेले ते पुन्हा बाहेर आलेच नाही. तरी माझी आयुष्याबद्दल काही तक्रार नाही. उज्जैनला, नानाखेड्याच्या एका घरात, मी फार आनंदाचे दिवस पाहिले. त्यातला एक आठवडा तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

कुठल्या मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला नाही. २००३ साली टावर चौकाजवळच्या एका दुकानात, वेगवेगळ्या खोक्यांतून आलेले भाग जोडून मला तयार केले. तेव्हा घरात संगणक येणे म्हणजे मोठे अप्रूप! रेल्वेत नोकरी करणाऱ्या वसंतरावांनी मला ऑटोत मांडीवर धरून घरी आणले. त्यांच्या आईने, माईंनी, मला कुंकू लावले आणि त्या माझ्या डोक्यावरच नारळ फोडायला निघाल्या. वसंतरावांनी कसेबसे त्यांना अंगणात नेले.

पण मी खरा झालो तो वसंतरावांच्या बायकोचा, कुसुमचा. कुसुमला ऐकू येत नसे. सहा वर्षांची असताना तापात तिचे कान गेले होते. ती थोड्या जाड आवाजात बोलायची आणि समोरच्याचे ओठ पाहून सगळे समजून घ्यायची. ती घरीच ब्लाउज शिवत असे. शिलाई मशीनशेजारी माझे टेबल आले आणि गिऱ्हाइकांची मापे, गळ्यांचे नमुने ती माझ्यात जपू लागली.

२००६ साली घरात निहारिका जन्मली. सगळे तिला निहू म्हणत. आई शिवत बसली आणि बाळ आतल्या खोलीत रडले, तर तिला कळणार कसे? म्हणून वसंतरावांनी चार कॅमेरे बसवून घेतले. एक फाटकावर, एक जिन्यात, एक मागच्या अंगणात आणि एक निहूच्या खोलीत. चारही चित्रे माझ्या पडद्यावर दिसत. कुसुमचे हात मशीनवर आणि डोळे माझ्यावर असत. एका आईचे कान व्हायचे भाग्य मला लाभले होते.

सहा-सात महिने बरे गेले. मग मी दमू लागलो. चित्र अडकायचे, थांबायचे, एकदम पुढे उडी मारायचे. मला ते कळत होते, पण आवरत नव्हते.

एका मंगळवारी दुपारी निहू पलंगाच्या मधोमध पडलेली दिसत होती. पुढच्या क्षणी ती पलंगाच्या कडेला दिसली. मधले काहीच मी दाखवले नव्हते. कुसुम धावली, पण ती पोहोचेपर्यंत बाळ खाली पडले होते. खाली गोधडी होती म्हणून लागले नाही. स्वयंपाकघरातून माईही धावत आल्या. त्यांना रडणे ऐकू आले होते.

बाळ शांत झाले, पण कुसुम त्याला खाली ठेवेना.

माई तिच्यासमोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "मी रामेश्वरला नाही जात. भजनमंडळाला सांगून टाकते."

मंडळाबरोबर यात्रेला जायची रविवारची गाडी होती. घर सोडून माई गेल्या बारा वर्षांत कुठेच गेल्या नव्हत्या. पिशवी महिनाभर आधीच भरून ठेवलेली होती.

"तुम्ही जा माई. मी बघेन निहूला," कुसुम म्हणाली.

"तू तर बघशील गं. पण ह्या डब्ब्याने दाखवलं पाहिजे ना!"

मित्रांनो, त्या शब्दाने मी फार खजील झालो. आपल्याला आपले मूल एकटीने सांभाळता येत नाही, हे कुसुमला माईंसमोर मान्य करावे लागत होते.

बुधवारी कॅमेरे बसवणारे भाईसाहेब आले. त्यांनी मला वरवर पाहिले. "भाभीजी, चार कॅमरे का लोड है. ये मशीन अब नहीं झेल पाएगी. नई मँगवानी पड़ेगी, दस-बारह दिन तो लगेंगे."

दहा-बारा दिवस! तोवर माईंची गाडी निघून गेली असती.

ते गेल्यावर कुसुमने माझ्या अंगावर तळहात ठेवला. शिलाई मशीनमध्ये कचरा अडकला की ती अशीच हाताने ओळखायची. मी गरम होतो आणि माझा पंखा थरथरत होता. तिने मला बंद केले, वायर काढली आणि माझे झाकण उघडले. आत कापडाचा भुगा! तीन वर्षे तिच्याच शिवणाचे तंतू मी श्वासाबरोबर ओढत होतो. पंख्याखाली तर जाड थरच बसला होता. तिने मशीनच्या ब्रशने हलक्या हाताने सगळे साफ केले. कितीतरी दिवसांनी मला गार वारा लागला.

मी सुधारलो, पण पुरता नाही. प्रोसेसर, म्हणजे माझा मेंदू, किती राबतो आहे हे दाखवणारा आलेख तिने पडद्यावर उघडला. दुपारी दोन वाजता तो थेट शंभर टक्क्यांवर गेला. नेमकी त्याच वेळी माझ्यातली व्हायरस तपासणी आपोआप सुरू व्हायची. तिने ती सकाळी, निहूला माई न्हाऊ घालतात त्या वेळेवर नेली. आलेख उतरला, पण नव्वदीत अडकला.

मग तिने एकेक कॅमेरा बंद करून पाहिला आणि मापाच्या वहीत आकडे लिहिले. फाटक बंद केले, थोडा फरक. जिना बंद केला, तसाच थोडा. मागचे अंगण बंद केले आणि आलेख धपकन साठावर आला!

कुसुम चकित झाली. अंगणात असे काय चालले होते? ती उठून मागे गेली आणि पोट धरून हसू लागली. दोरीवर माईंचे नऊवारी लुगडे वाळत होते. वारा आला की ते फडफडायचे. समोर काही हलले की चित्रण करायचे, असा मला हुकूम होता. त्यामुळे मी बिचारा दिवसभर इमानेइतबारे माईंच्या लुगड्याचे चित्रण करत होतो!

"अहो, इकडे या!" कामावरून आलेल्या वसंतरावांना तिने हाक मारली. "चोर सापडला!"

तिने दोरीच्या जागेवर लक्ष द्यायचे नाही, असे मला शिकवले. फाटक, जिना आणि अंगण यांची सेकंदाला पंचवीस चित्रे घेत होतो, ती पाचांवर आणली. निहूच्या खोलीची मात्र पंचवीसच ठेवली.

शनिवारी माईंनी परीक्षा घेतली. त्या निहूच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून भराभर बोटे दाखवू लागल्या. कुसुम शिवणखोलीतून ओरडत होती, "तीन! पाच! दोन! माई, अंगठा लपवू नका, दिसतोय!"

माई खूश झाल्या. त्यांनी निहूला कडेवर घेतले आणि चक्क फुगडीच्या गिरक्या घेतल्या. एकही गिरकी मी चुकवली नाही. लुगड्याचा काठसुद्धा सलग फिरताना दिसला.

"एकदम बढिया!" दारात येऊन माई म्हणाल्या. "वसंता, उद्या स्टेशनवर वेळेत सोड हो मला."

माईंच्या यात्रेच्या त्या पंधरा दिवसांत दुपारी घरात फक्त कुसुम, निहू आणि मी असायचो. निहूचे अंथरूण आता जमिनीवर घातले होते. एका दुपारी ती पालथी झाली, हातांवर उठली, गुडघे टेकून मागे-पुढे झुलली. कुसुमने मशीन थांबवली. निहूने एक हात पुढे टाकला, मग गुडघा, मग दुसरा हात. ती रांगत होती! प्रत्येक हालचाल मी नीट दाखवली. कुसुम धावत खोलीत गेली आणि तिच्यासमोर जमिनीवर पालथी पडली. मायलेकी नाकाला नाक लावून हसताना माझ्या पडद्यावर दिसल्या. त्या हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. मलाही तिच्यासारखे नुसते पाहूनच समजले.

पुढे चित्रणासाठी वेगळी पेटी आली आणि मी जिन्याखाली गेलो. वर्षातून एकदा कुसुम माझी धूळ झटकते, एवढ्यावर मी खूश आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र अडखळू लागले तर त्याला लगेच टाकाऊ ठरवू नका. ते उघडा, पुसा, त्याच्यावर काय काय लादले आहे ते बघा. कदाचित ते अजिबात बिघडलेले नसेल. कोणी सांगितले म्हणून ते बिचारे दिवसभर एखादे लुगडे राखत बसले असेल.