कुंपणापलीकडचा नर

हार्लन वीलरला आपल्या नेमाचा फार अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा नव्हता. वायोमिंगच्या उघड्या माळावर, गुडघाभर सेजच्या झुडपांत हरणाच्या नजरेतून सुटणं कठीण. बाकीचे शिकारी पोटावर सरपटत, कोपरांत निवडुंगाचे काटे भरून घेत जवळ जायचे. हार्लन लांबूनच गोळी झाडायचा आणि मग आठवडाभर तिचं वर्णन करायचा.

त्या सकाळी तो आणि त्याची बायको नोरीन एका उंचवट्यावर पालथे पडले होते. समोर कळप चरत होता. जरा बाजूला काळ्या तोंडाचा, जाड शिंगांचा एक नर उभा होता. नोरीनने दुर्बिणीतून अंतर मोजलं.

"पाचशे साठ यार्ड. लांब आहे रे."

"तुझ्यासाठी."

"मधल्या घळीतलं गवत बघ. इथे पान हलत नाहीये आणि तिथे वाऱ्याने गवत पार आडवं झालंय. घळीतून खाली गेलो तर निम्मं अंतर कमी होईल."

"तोवर तो पुढच्या जिल्ह्यात पोचेल," असं म्हणत त्याने रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती दोन खटके फिरवली, श्वास सोडला आणि घोडा दाबला.

गोळी लागल्याचा आवाज आला, पण नेहमीसारखा भरीव नाही. कळप धुरळा उडवत उधळला. नर मागे पडला. त्याचा मागचा एक पाय लोंबत होता. हार्लनची दुसरी गोळी नुसतीच धुळीत गेली, आणि तिसरी सुटेपर्यंत नर चढापलीकडे नाहीसा झाला होता.

नोरीनने दुर्बीण गळ्यात अडकवली आणि ती उतरायला लागली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं हार्लनला वाटलं.

रक्ताच्या थेंबांमागून ते उन्हं चढेपर्यंत चालले. माग काटेरी तारेच्या कुंपणापाशी आला. खालच्या तारेला पांढरे केस चिकटले होते. नर तिथून सरपटून गेला होता. पलीकडची जमीन ऑटिस ग्रँगरची होती.

हार्लन थबकला. ऑटिस मेंढ्या पाळायचा. सहा वर्षांपूर्वी हार्लनचा कुत्रा, डस्टर, त्या मेंढ्यांत शिरला आणि ऑटिसने त्याला गोळी घातली. मेंढ्यांवर पडलेल्या कुत्र्याचं दुसरं काही होत नाही, हे हार्लनलाही ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून तो ऑटिसशी एक अक्षर बोलला नव्हता. रस्त्यात पिकअप समोरून आली तरी हात वर करायचा नाही.

"राहू दे. रात्री कोल्हे संपवतील त्याला," हार्लन म्हणाला.

"पाय तू मोडलास आणि संपवायचं कोल्ह्यांनी?"

"त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊ मी? नाक मुठीत धरून?"

"कसंही धर. पण चल."

ऑटिस आवारात बंद पडलेल्या पंपाशी खटपट करत होता. सत्तरी ओलांडलेला, वाळक्या लाकडासारखा माणूस. हार्लन चार हात दूर उभा राहिला.

"माझं जखमी हरीण तुमच्या जमिनीत आलंय. न्यायला परवानगी हवी होती."

"तीन गोळ्या ऐकल्या मी," ऑटिस हात पुसत म्हणाला. "किती लांबून?"

"पाचशे साठ."

"पत्रानेच कळवायचं की त्याला!" ऑटिस म्हणाला, आणि नोरीनला हसू आवरेना. म्हाताऱ्याने गाडीची किल्ली खिशातून काढली. "बसा. जखमी जनावर तळ्याकडेच जातं, कोरडं असलं तरी."

नर खरंच तिथे होता. काठालगत मान ताठ करून बसलेला. हार्लन रायफल टेकवायला वाकला, तसा ऑटिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"इथून नको, पोरा. वारा तोंडावर आहे, त्याला वास लागणार नाही. जवळ जा."

हार्लन पोटावर आडवा झाला. काटे टोचले, तोंडात माती गेली. नराचे डोळे दिसायला लागले तेव्हा तो थांबला आणि त्याने एकच गोळी झाडली. नराची मान खाली आली.

हार्लन नराचं पोट फाडून आतडी काढत असताना ऑटिस शेजारी उकिडवा बसला.

"तुझा कुत्रा तडफडला नाही. पहिल्याच गोळीत गेला," तो म्हणाला. "सांगायचं होतं मला. पण तू गाडीच थांबवायचा नाहीस."

हार्लनची सुरी थांबली.

"बोलावून घ्यायचं होतंत," तो म्हणाला.

"आला असतास?"

"नसतो आलो."

"मग!"

ऊन तापत होतं आणि मांस लवकर गार करायला हवं होतं. "माझ्या गोठ्यात आकडे आहेत, सावलीही आहे," ऑटिस म्हणाला. त्यांनी नर तिथे टांगला आणि दोघे दोन बाजूंनी कातडं ओढायला लागले. मोडलेल्या पायाभोवतीचं मांस काळंनिळं झालं होतं, ते नोरीनने कापून टाकलं. पाठीचं नरम मांस तिने ऑटिसने घरातून आणलेल्या ताटात ठेवलं.

"हे तुमचं."

"मेंढी खाऊन विटलोय खरा," म्हातारा म्हणाला. "पण मला एकट्याला जास्त होतं हे. कांदा आहे घरात. तवा टाकू का?"

नोरीनने हार्लनकडे पाहिलं. त्याने बाह्या आणखी वर सरकवल्या.

"टाका," तो म्हणाला. "पण हात कुठे धुवायचे? तुमचा पंप तर बंद आहे."