दुसरी इस्त्री

वस्तीत रोजगार वाढावा म्हणून माझ्या इस्त्रीच्या दुकानाला अनुदान मिळालं. अर्जात मी लिहिलं होतं, ‘एका महिलेला कायमचं काम देईन.’ दिलंही. धाकट्या जावेला नव्या, वाफेच्या इस्त्रीसमोर उभं केलं. फक्त तिनं केलेला प्रत्येक शर्ट मी जुन्या इस्त्रीनं पुन्हा करायचे.

कॉलर दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करू? नवरा म्हणाला, “तू एक नोकरी निर्माण केलीस आणि तीही स्वतःच करतेयस.” मी त्याला झापलं. खरं तेच बोलला होता, म्हणून जरा जास्तच झापलं. संध्याकाळी माझ्या कमरेचे तुकडे पडायचे आणि धाकटी स्टुलावर बसून माझ्याकडे बघत असायची. मला वाटायचं, कामचुकार आहे.

तीन महिन्यांनी अनुदानवाल्या मॅडम तपासणीला आल्या. दुसऱ्या बाईला काम येत नसेल तर अनुदानातली नवी इस्त्री परत जाणार होती आणि धाकटीचा पगारही बंद होणार होता. त्या पगाराच्या भरवशावर तिनं मुलीला नर्सिंगला घातलं होतं.

मॅडमनी अंगातला कोट काढला. “हा करून दाखवा.”

मी हात पुढे केला.

“तुम्ही नाही. त्या.”

मी स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. धाकटीनं कोट उलटा केला, बाहीत टॉवेलाची गुंडाळी घातली, वाफ सोडली. थोड्या वेळात कोट अगदी नवा दिसू लागला.

“कुणी शिकवलं?” मॅडमनी विचारलं.

“ताईंनी. मी केलेलं त्या रोज पुन्हा करायच्या ना. तीन महिने बघत बसले.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र हसल्या, कागदावर सही केली आणि कोट अंगात चढवूनच गेल्या. म्हणून तो माझ्या हातून वाचला.

धाकटीला काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटत होतं. तोंडातून निघालं, “बाही जराशी...”

“ताई, तुम्ही घड्या घाला.”

दुकान माझं, अर्ज माझा, आणि मी मुकाट्यानं घड्या घालायला बसले. तिनं माझी पहिलीच घडी उचलली, झटकली आणि परत घातली. बोलली काहीच नाही. तीन महिने मीही काही बोलले नव्हते.