पाळी चुकली तर

“घाबरू नका, शिवलीलाताई. घरी शोधता ना, अगदी तसंच शोधा. आम्हाला तेच बघायचंय.”

ऋचा मॅडमनी लॅपटॉपवर काहीतरी दाबलं आणि शाळेच्या भिंतीवर शिवलीलाचा फोन उगवला. दारापेक्षाही मोठा. त्यावर तिच्या लेकीचा, मल्लूचा फोटो, ओठांवर ताकाची मिशी. सतरंजीवर बसलेल्या बायका खळखळून हसल्या.

“अगं बया, पोरगी भित्तीवर चढली की!” दगडाबाई म्हणाली.

शिवलीलाच्या मांडीवर बसलेल्या खऱ्या मल्लूनं भिंतीवरच्या मल्लूला हात हलवून दाखवला.

मॅडम पुण्याहून आल्या होत्या. खेड्यातल्या बायका ऑनलाइन माहिती कशी शोधतात आणि ऑनलाइन कशा शिकतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. उमरग्याच्या अलीकडच्या या गावात फोनवर शिकणारी सून एकच, शिवलीला. बालशिक्षणाचा कोर्स करत होती. शेवटची परीक्षा राहिली होती. ती पास झाली की अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता.

कोर्स चांगला होता. फक्त तो बनवणाऱ्यानं कधी कणीक मळलेली नसावी. धडा चालू असताना मध्येच पडदा थांबायचा आणि विचारायचा, ‘तुम्ही अजून पाहत आहात का?’ खाली ‘हो’ असं हिरवं बटण. ते लगेच दाबलं नाही तर धडा पुन्हा पहिल्यापासून. शिवलीलाचे हात कधी पिठात, कधी शेणात, कधी मल्लूच्या ढुंगणाखाली. कोपरानं दाबून बघितलं, नाकानं दाबून बघितलं. एकदा मल्लूच्या पायाचा अंगठा धरून दाबला, तर पोरीला तो खेळच वाटला. त्यानंतर धड्याचं गाणं वाजलं की ती पाय वर करूनच बसायची.

मागच्या वेळी मॅडमनी हसून विचारलं होतं, “तुमचे धडे सारखे पहिल्यापासून सुरू झालेले दिसतात. लक्ष लागत नाही का?”

आणि उत्तराची वाट न बघता वहीत तसं लिहूनही टाकलं होतं. ते शिवलीला विसरली नव्हती.

आज शाळेत बायकांचीच बैठक होती. पण भिंतीवर पिक्चर दिसणार असं कळल्यावर गडीमाणसंही आली. खिडक्यांत चार-दोन पोरं मोबाइल उभे धरून थांबली. पुढच्या खुर्चीवर नागप्पा बसला. शिवलीलाचा चुलत सासरा, भावकीतला आताचा कर्ता. त्याच्याकडे पाठ येऊ नये म्हणून ती भिंतीला कोन करून बसली होती.

“आपल्या बोअरचं पाणी खारट का, हे शोधा बरं,” मॅडम म्हणाल्या.

शिवलीला बोलून शोधत नसे. फोनला तिकडची बोली कळायची नाही. दगडाबाईनं एकदा त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ‘करडू दूध पीत न्हाय’ असं सांगितलं, तर त्यानं करडईच्या तेलाचे भाव दाखवले. तेव्हापासून बायकांनी सांगायचं आणि शिवलीलानं टायपायचं, अशी रीत पडली होती. दुपारी भांडी झाली की एकेक जण दारात यायची. कुणाचे गुडघे, कुणाची गाभडलेली शेळी, कुणाच्या जावयाची साखर. फोन शिवलीलाच्या नावावर होता, एवढंच. होता तो गल्लीचा.

तिनं ‘पा’ टायपला. पुढचं अक्षर बोटाखाली येण्याआधीच भिंतीवर जुने शोध घरंगळत खाली आले.

पाय सुजल्यावर काय खावे.

पालीचा उपाय.

पाळी चुकली तर काय समजावं.

हसू थांबलं. कसं थांबलं ते शिवलीलाच्या पाठीला कळलं. बायकांत ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांच्या कानात सांगितलं, आणि ते कान मग शिवलीलाकडे वळले. तिचा नवरा उमाशंकर ट्रक घेऊन पौषापासून, तीन महिने बाहेर होता. हे गल्लीला माहीत होतं. शाळेच्या पत्र्यालाही माहीत असावं.

मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या.

शिवलीलानं वर बघितलं तेव्हा तिला एकच चेहरा दिसला. प्रेमाबाईची लेक अयोध्या. खांबाला टेकलेली, पांढरीफटक. वीस वर्षांची पोर, महिन्यापूर्वीच सुपारी फुटलेली. तिचे होणारे मामेसासरे नागप्पाच्या शेजारच्या खुर्चीवर होते.

प्रश्न अयोध्याचा होता. एका दुपारी ती मल्लूला खेळवायच्या निमित्तानं आली आणि पदराची गाठ सोडावी तसं अडखळत तिनं तो सांगितला. फोननं पहिल्यांदा काय दाखवलं? हसरी गरोदर बाई आणि बाळाच्या लंगोटांची जाहिरात. पोरीनं तिचा पदर धरला. “वैनी, म्या तसलं कायबी केलं न्हाय वो. आईच्यान.” शिवलीलानं तिला जवळ घेतलं. जाहिरात खाली ढकलली, आणखी खाली, आणखी खाली, तेव्हा कुठं कामाचं सापडलं. अशक्तपणानंही होतं. मल्लूच्या डोसाचं नाव सांगून ती तिला उमरग्याला दवाखान्यात घेऊन गेली. अंगात रक्तच नव्हतं पोरीच्या. गोळ्या चालू झाल्या, पाळी परत आली, गोष्ट संपली.

आणि आता ती भिंतीवर होती.

“हा माझा प्रश्न न्हाय,” एवढंच म्हटलं असतं तर शिवलीला सुटली असती. मग पुढचा प्रश्न, “मंग कुनाचा?” आणि गल्लीतल्या प्रत्येक पोरीच्या तोंडाकडे बघत बघत नजरा खांबापाशी येऊन थांबल्या असत्या. पोरीचं तोंडच सांगत होतं.

शिवलीलानं फक्त मल्लूला छातीशी ओढलं.

“उमाच्या बायकू,” नागप्पा खुर्चीतून न हलता म्हणाला, “फोन आन इकडं.”

“काका, परीक्षा हाय माझी.”

“तुझी परीक्षा दिसायलीय की भित्तीवर. आन म्हन्तो ना.”

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. शिवलीलानं भिंतीकडे बघितलं. पाय सुजले तो प्रश्न याच माणसाच्या बायकोचा होता. चोरून आली होती, कारण यानं दवाखान्याला नको म्हटलं होतं. ते सांगावं, भिंतीवर बोट ठेवून सांगावं, असं तिच्या जिभेवर आलं. पण ती बाईसुद्धा तिथंच, सतरंजीच्या टोकाला बसली होती. ती शिवलीलाकडे बघत होती. नको, नको, असं डोळ्यांनी म्हणत होती.

तेवढ्यात मागून काठी टेकल्याचा आवाज आला.

शांताक्का उठली होती. शिवलीलाची सासू, उमाशंकरची आई. दम्यानं बेजार, सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.

“काय लिव्हलंय तिथं?” तिनं विचारलं. “मला वाचाया येत न्हाय. कुनीतरी मोठ्यानं वाचा.”

कुणी वाचेना. शेवटी मॅडमनीच वाचलं, शाळेतला धडा वाचावा तसं स्वच्छ. “पाळी चुकली तर काय समजावं.”

“हां. ते व्हय.” शांताक्का काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. “ते म्या इचारलं.”

“वैनी, सुम्म, गप बसा,” नागप्पा चिडला. “तुमच्या वयाला—”

“का? माझी पाळी चुकत न्हाय का? हिरीच्या पान्याची पाळी. मंगळवार आमचा, बुधवार तुमचा, असं तुमच्या भावानं मरायच्या आधी पंचांत ठरवलंय. तीन मंगळवार झाले भावजी, मोटार तुमच्याच रानात चालू हाय. माझ्या मकंची पात वळली. घरात गडी न्हाय. कुनाला इचारू? सुनंला म्हनलं, बाई, इचार त्या डबड्याला. पाळी चुकली तर काय समजावं मानसानं? माझा नवरा मेला म्हनून पानीबी मेलं समजावं का?”

तिला धाप लागली. पण ती खाली बसली नाही.

नागप्पा खुर्चीत सरकला. मामेसासरे त्याच्याकडे बघू लागले होते. हिरीचं खरं होतं, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं, एवढंच.

“मंग?” दगडाबाईनं मानभावीपणानं विचारलं. “फोननं काय सांगिटलं, शांताक्का?”

“भावजीलाच इचार म्हनला.”

असा हशा उसळला की मल्लू दचकून रडायला लागली. नागप्पा उठला. धोतराचा सोगा झटकत, “घरातलं घरात बोलावं मानसानं,” असं पुटपुटत बाहेर गेला. त्याच्यामागं खुर्च्या रिकाम्या झाल्या. अयोध्याला तिच्या आईनं दंडाला धरून नेलं. जाताना प्रेमाबाईनं शिवलीलाकडे बघितलं नाही.

शाळेत मॅडम, दोन वायरी आणि शिवलीला राहिली.

“खूपच इंटरेस्टिंग,” मॅडम लॅपटॉप मिटत म्हणाल्या. “मी ते आरोग्याच्या खाली टाकणार होते. पाण्याची पाळी! म्हणजे हा शोध शेतीत जाईल.”

“कुटंबी जाऊ द्या,” शिवलीला म्हणाली. मल्लू तिच्या खांद्यावर हुंदके देत होती. “माझा फोन भित्तीवर लावायच्या आधी मला सांगिटलं का तुमी, की मागचं समदं दिसतंय म्हनून?”

“अहो, पण तुमची संमती घेतली होती ना. तुम्ही सही केली आहे.”

“सही माझी हाय मॅडम. फोन गल्लीचा हाय. दगडाबाईनं सही केली? माझ्या सासूनं केली? त्यांनी माझ्या कानात सांगिटलेलं तुमी आमच्या काकाला वाचून दाखिवलं.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हत्या, आणि याचाच शिवलीलाला जास्त राग आला. वाईट असत्या तर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

“मी... मी तेवढा भाग काढून टाकते.”

“आन् ते लक्ष लागत न्हाय लिव्हलंय, तेबी काढा. न्हायतर एकदा या माझ्या घरी. चुलीपुढं बसा, हिला मांडीवर घ्या, आन् मंग दाबा तुमचं बटन.”

असं बोलायची तिला सवय नव्हती. ती घरी आली. शांताक्का बाजेवर आडवी झाली होती, तोंड भिंतीकडे. शिवलीलानं पाणी नेऊन दिलं.

“आत्याबाई, तो प्रश्न...”

“मला काय सांगू नगं,” सासू म्हणाली. “हिरीचा व्हता. झालं.”

दुसऱ्या दिवशी भांडी झाली, दुपार झाली, दारात कुणी आलं नाही. दगडाबाईची शेळी आजारी आहे हे आवाजावरून कळत होतं. दगडाबाई तिला घेऊन आपल्याच अंगणात बसून राहिली. शिवलीलानं फोनमधले सगळे जुने शोध पुसून टाकले होते. आता ‘पा’ टायपलं की खाली पांढरं, कोरं. किती दिवसांच्या किती बायका त्या पांढऱ्यात गेल्या होत्या.

ती संध्याकाळच्या भाकरीचं पीठ घेऊन बसली आणि धडा लावला. तेवढ्यात उमाशंकरचा फोन आला. तिनं करंगळीनं उचलला.

“काय चाललंय गं तिकडं?” मागं ट्रकचे हॉर्न. “मला फोटो आलाय. शाळेच्या भित्तीचा.”

खिडकीत उभे धरलेले मोबाइल तिला आठवले.

“आत्याबाईनं सांगिटलं की समद्यांम्होरं. हिरीची पाळी.”

“आईनं सांगिटलं ते कळलं मला. म्या तुला इचारायलोय. खरं काय ते सांग.”

पिठात रुतलेल्या बोटांकडे ती बघत राहिली. या माणसाच्या तापात ती रात्र-रात्र बसली होती. याचीच पोर समोर उंबऱ्यात बसून पिठाची चिमणी करत होती. अयोध्याचं नाव सांगितलं असतं तर तो निवळला असता. आणि ट्रकवाल्यांच्या चहाच्या टपरीवरून ते नाव परत गावात आलं असतं.

“हिरीची,” ती म्हणाली.

तो “बरं,” म्हणाला आणि फोन ठेवला. मल्लूची चौकशी केली नाही.

शिवलीलानं पीठ मळायला घेतलं. इतक्या जोरात की परात चुलीवर आपटली. ती मळतच राहिली. रडू आलं नाही. रडण्यासारखं काय केलं होतं तिनं? धड्यातली बाई मुलांना रंग कसे शिकवायचे ते गोड आवाजात सांगत होती. आवाज थांबला. पडदा थांबला.

मल्लूनं सवयीनं पाय वर केला. पण ती लांब होती.

बाजेवरून शांताक्का उठून आली. खाली वाकून तिनं पडद्याकडे बघितलं.

“काय इचारतंय गं ते, सारखं सारखं?”

“अजून बघताय का म्हनतंय.”

“मंग? बघतावं की,” म्हातारी म्हणाली, आणि तिनं तंबाखूनं पिवळा पडलेला अंगठा हिरव्या बटणावर ठेवून जोरात दाबला.